आपलेच पैसे, पण हप्त्याने

आज खात्यात ९९२ युरो आले. आपलेच पैसे, पण महिन्याला एवढेच हातात पडणार. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका बंदिस्त खात्यात टाकावे लागतात. बाबांनी त्यासाठी घर तारण ठेवलं. म्हणजे कागदोपत्री मी सधन आणि दुकानात मात्र संध्याकाळी ३० टक्के सवलतीची चिठ्ठी चिकटवलेला पाव शोधणारी!

खोलीभाडं, आरोग्य विमा आणि वर दर घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क. घरात टीव्ही नसला तरी. (आम्ही तिघी वाटून घेतो, तेवढंच.) गोदामात काम मिळालंय, पण वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा. मुकादम ‘उद्या येतेस का?’ विचारतो, तेव्हा मी आधी वही उघडते.

खरी मेख राहण्याचा परवाना वाढवताना. पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवा! विद्यार्थ्याने शिकायला यावं, राबायला नाही, हे सरकारचं म्हणणं मला पटतं. पण कमाईला कुंपण घालायचं आणि शिल्लकही मागायची, हे काही पटत नाही. त्यात रुपया घसरला की तेच युरो घरच्यांना महाग पडतात.

येणाऱ्यांनो, डिपॉझिटचे पैसे वेगळे ठेवा. मूळ भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत मागतात. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं. घरमालक आपणहून सांगत नाही.