‘म्या’ची वंशावळ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत साताऱ्याकडून आलेल्या पिढीच्या तोंडी ‘म्या भाकरी केली’ हे वाक्य सहज असे. शाळेत मात्र ते अशुद्ध ठरे. या ‘म्या’ला लोक हसतात म्हणून माझ्या आजीने पाहुण्यांसमोर बोलणेच कमी केले.

मित्रहो, इतिहासाच्या अभ्यासकाने या रूपाकडे साधन म्हणून पाहावे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ.स. १२९०) ‘मियां’, ‘म्यां’ ही रूपे आढळतात. त्यांचा अर्थ ‘माझ्याकडून’, आणि त्यांचे नाते संस्कृत ‘मया’शी. ‘तू’चे ‘तुवां’ हे रूप त्याच घडणीचे.

आता क्रियापद पाहा. ‘मी जातो’ यात ते कर्त्यामागे चालते. ‘भाकरी केली’, ‘भात केला’ यांत ते कर्माचे लिंग घेते. तेव्हा ‘तो’चे ‘त्याने’ होते. क्रियापदावरील कर्त्याचा अधिकार सुटल्याची ती खूण. प्रथम पुरुषात हीच खूण ‘म्या’ने दाखवली जाई. प्रमाण मराठीने दोन्हीकडे ‘मी’ हेच रूप ठेवले आणि खूण पुसली गेली. क्रियापद मात्र जुन्या नियमाने भाकरीकडेच पाहत राहिले.

ज्या बोलीला अडाणी म्हटले गेले, तिनेच सातशे वर्षांपूर्वीचा हा भेद जपला आहे. पोथीतल्या ‘म्यां’पुढे आपण हात जोडतो. तेच रूप घाटकोपर स्थानकाच्या पुलावर कानी पडले, तर बोलणाऱ्याला दुरुस्त करू नये, थांबून ऐकावे.