पिवळ्या पेट्या

आमच्या घरातला संगणक म्हणजे आईच्या शिवणयंत्राचा धाकटा भाऊ. दोघेही एकाच खिडकीखाली. आई ब्लाऊज शिवते, मदतीला अक्का असतात. आईला फक्त मराठी वाचता येते, अक्कांना फक्त कन्नड. बोलताना दोघींचे काही अडत नाही. अर्धे वाक्य इकडचे, अर्धे तिकडचे. अडले ते संगणकावर. चाळीस गिऱ्हाइकांचे चाळीस फोल्डर मी केले, पण नावे कोणत्या लिपीत द्यायची? दोन्ही लिप्यांत देता आली असती हे आता सुचते. तेव्हा मला चित्रांचे वेड लागले होते.

फोल्डरवर उजवी कळ दाबायची, 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कस्टमाइज'मध्ये शिरायचे आणि 'चेंज आयकॉन' करायचे. कंडक्टरबाईंना बस, नर्सबाईंना सुई, पोपट पाळणाऱ्या काकूंना अर्थातच पोपट. लहान आकारात, म्हणजे १६ ठिपक्यांच्या चौकटीत, पोपटाची मिरची झाली. पण दोघींनी ती मिरचीच पाठ केली. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी ३२ ठिपक्यांच्या चौकटीत इतकी बोलकी चित्रे कशी काढली असतील, याचा मला अचंबा वाटला.

पुढे एन.एस.एस.च्या शिबिराला निघताना मी संगणक आवरला. चित्रांच्या फायली उघड्यावर पडल्या होत्या, त्या उचलून दुसरीकडे ठेवल्या. संगणक जुनी आठवण काही काळ धरून ठेवतो, त्यामुळे निघेपर्यंत सारे ठीक दिसले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन.

"अरे, सगळ्या पेट्या पिवळ्याच झाल्यात की! पोपट कुठं गेला?"

पोपटकाकूंच्या मुलीचे लग्न चार दिवसांवर होते. पेट्यांवर नुसते आकडे, आत मापांच्या कागदाचा फोटो, त्यावर नाव नाही. दोघींनी अंदाजाने एक पेटी धरली आणि कापड कापले. बाही दंडावर चढेना. ब्लाऊजपीस साडीतच विणलेला, दुसरा कोठून आणणार? अक्कांनी रात्र जागून काखेत जोड दिला. काकू काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत.

चित्र फोल्डरला चिकटलेले नसतेच. आत 'डेस्कटॉप.आयएनआय' नावाची लपवलेली फाइल असते, तिच्यात चित्राचा फक्त पत्ता. मी बिऱ्हाड हलवले, पत्ता जुनाच राहिला. आणखी एक गंमत कळली: फोल्डरवरची 'रीड-ओन्ली' ही खूण त्याला कुलूप लावत नाही, आत ती फाइल आहे, ती वाच, एवढेच विंडोजला सांगते. परत आल्यावर प्रत्येकीचे चित्र मी तिच्याच फोल्डरात ठेवले आणि लांबलचक पत्त्याच्या जागी नुसते चित्राचे नाव लिहिले. आता अख्खी पेटी उचलून कोठेही न्या, चित्र बरोबर येते. खाली नावेही घातली, मराठीत आणि कन्नडमध्ये.

पोपटाची पेटी आईने काढू दिली नाही. तिच्या शेजारी अक्कांना आता दुरुस्तीच्या कपड्यांची एक पेटी हवी आहे. उसवलेली शिवण १६ ठिपक्यांत कशी काढावी, ते मला अजून जमलेले नाही.