दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम!

गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी पत्रा निवडायचा, एवढंच काम होतं. त्या पत्र्यानं माझं डोकं असं व्यापलंय की नेसरीत जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलोय. एसटीची वाट बघणाऱ्यालासुद्धा!

ॲम्प तसा छोटाच. फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या चॅम्पचं सर्किट: व्हॉल्व्हमध्ये एक १२एएक्स७, एक ६व्ही६, रेक्टिफायरला एक ५वाय३, आणि ताकद साधारण ५ वॅट. पण आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी खेळतो आणि गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल मात्र मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. हे सगळं एकाच पत्र्यावर! तोच ट्रान्सफॉर्मरचं वजन पेलणार, तोच ग्राउंड, तोच बाहेरच्या विजेच्या गोंगाटापासून आडोसा, आणि शॉक लागू नये म्हणून अर्थिंगला बांधायचा तोही तोच. एवढी कामं एकट्यानं करणारा दुसरा पार्ट या ॲम्पमध्ये नाही. आणि रेडिओवाले त्याला नुसतं ‘चासी’ म्हणून पुढं जातात!

फॅब्रिकेशनच्या मिस्त्रींना कागदावरची मापं दाखवली तर ते लगेच म्हणाले, “लोखंडीच घ्या की. अठरा गेजचा सीआर पत्रा वाकवून देतो. ॲल्युमिनियम मऊ असतंय, ट्रान्सफॉर्मर ठेवला की पोट सोडंल बघा.”

मिस्त्रींच्या बोलण्याला तर थेट लंडनची साक्ष आहे. जिम मार्शल यांच्या दुकानातून १९६२ मध्ये जेटीएम ४५ बाहेर पडला, तेव्हा सुरुवातीच्या ॲम्पना ॲल्युमिनियमची चासी होती. पुढं ट्रान्सफॉर्मर जड होत गेले तसे मार्शलवाले लोखंडावर आले. फेंडरचे ॲम्प तर लोखंडी चासीवरच उभे राहिले.

पण मी वही घेऊन हिशेब मांडला आणि उडालोच! पत्रा किती वाकेल हे नुसतं धातूवर ठरत नाही, जाडीवर ठरतं, आणि तेही जाडीच्या घनावर. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. सारख्या जाडीचे दोन पत्रे घेतले तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश ताठ, म्हणजे मिस्त्री बरोबर. पण अठरा गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. त्याच्यासमोर २ मिलिमीटर ॲल्युमिनियम ठेवलं की तेच दीडपटीहून जास्त ताठ निघतं! आणि वजन? ३०० बाय १५० मिलिमीटरची, ६० मिलिमीटर खोल चासी लोखंडात ९०० ग्रॅमच्या वर जाते, ॲल्युमिनियममध्ये साधारण साडेपाचशे. हलकी आणि वर ताठ. ही आकडेमोड मी मिस्त्रींसमोर पुन्हा केली. “आसं हाय व्हय!” म्हणून त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर अंगठा दाबून पाहिला.

खरी गंमत तर पुढंच आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मरभोवती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र असतं. लोखंड ते ओढून घेतं आणि पत्र्यातून आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचवू शकतं. मग गिटार हातात नसतानाही स्पीकर घूंऽऽ करत बसतो. ॲल्युमिनियम चुंबकाला दादच देत नाही! ते ही घरघर वाहून नेत नाही. (लोखंड जवळच्या वायरींना थोडा चुंबकीय आडोसा देतं, तो फायदा इथं सोडावा लागतो. छोट्या ॲम्पला मी तो आनंदानं सोडतो.)

तरी हवेतून येणारं क्षेत्र उरतंच, आणि त्यावरची युक्ती ऐकून मी थक्क झालो. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या तारा नीट टेप लावून बंद करायच्या, प्रायमरीला मेन्स द्यायचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरच्या बाजूला हेडफोन जोडायचा, आणि तो ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत न्यायचा. घरघर चढते, उतरते, आणि एका कोनात जवळजवळ नाहीशीच होते! बहुतेक वेळा दोघांचे कोअर काटकोनात आले की. तिथंच पेन्सिलीनं खूण करायची. भोकाची जागा कानानं ठरवायची, फुटपट्टीनं नव्हे! याच्यापेक्षा सुंदर काम मला तरी माहीत नाही.

आणि हा धातू मूळचा कुठला? बॉक्साइटचा, आणि बॉक्साइट आपल्याच जिल्ह्यात! राधानगरीकडं दुर्गमानवाडला त्याच्या खाणी आहेत, आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या सड्यांवरही ते सापडतं. बेळगावात आधीच्या इंडालचा, आता हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतो. साधारण चार टन बॉक्साइटमागं दोन टन ॲल्युमिना, त्यातून एक टन धातू. माझ्या हातातला पत्रा नेमका कुठल्या मातीचा हे कोण सांगणार! पण सड्यावरची ती तांबडी माती आता मी वेगळ्याच नजरेनं बघतो.

ॲल्युमिनियमचं एक मात्र सांभाळायचं. साध्या सोल्डरनं त्याला वायर चिकटत नाही, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. म्हणून अर्थिंगला बोल्टच हवा: जागा घासून लख्ख करायची, वायरीला टॅग लावायचा, दाते रुतणारा स्टार वॉशर घालायचा आणि नट कचकचून आवळायचा. तीन पिनांच्या प्लगमधून येणाऱ्या हिरव्या वायरीचा बोल्ट वेगळा, त्यावर दुसरं काही टांगायचं नाही. पावडर कोटिंग करायचं असेल तर ही जागा आधी झाकायची. राहिली व्हॉल्व्हची भोकं: ६व्ही६ आणि ५वाय३च्या ऑक्टल बेसला २९ मिलिमीटर, १२एएक्स७च्या बेसला २२ मिलिमीटरचं भोक, स्टेप ड्रिलनं सावकाश, केरोसीनचे थेंब सोडत. मिस्त्रींनी वाकवण्याचं काम घेतलंय, भोकं मात्र मीच पाडणार!