एल्गार नावाचे एक गृहस्थ

'एल्गार' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मोर्चे, निशाणे आणि वळलेल्या मुठी उभ्या राहतात. सुरेश भटांच्या गझलसंग्रहाचे ते नाव आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनाही तो शब्द फार प्रिय. त्यामुळे पुण्याला सेमिनरीत शिकत असताना एका जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर 'सर एडवर्ड एल्गार' हे नाव आम्ही प्रथम वाचले, तेव्हा हसू आल्यावाचून राहिले नाही. वेष्टनावर भरघोस मिशांचे, निवृत्त कर्नलसारखे दिसणारे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांच्या चेहऱ्यावर एल्गाराचे कोणतेही चिन्ह नव्हते.

ते दिवस आमच्या पिढीच्या धर्मगुरूंना चांगले आठवत असतील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे वारे आमच्यापर्यंत पोचून बराच काळ लोटला होता. उपासना या मातीतली व्हावी, मिस्सेत पेटी-तबला वाजावा, भजने म्हटली जावीत, असा सर्वांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. आम्ही स्वतः भैरवीचे आणि भूपाचे प्राथमिक धडे त्याच काळात घेतले. पुढे मिरजेला जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडच्या भोपळ्यातून तंबोरा कसा जन्म घेतो तेही पाहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी उभे राहिलो. अशा परिस्थितीत एका विलायती संगीतकाराचा वाद्यवृंद आपल्याला आवडतो, हे चारचौघांत सांगण्याची आम्हांस चोरी वाटे. शेजारच्या खोलीतले बंधू झोपले की आवाज बारीक करून आम्ही ती तबकडी ऐकत असू. पापनिवेदनात सांगावे इतके ते मोठे नव्हते आणि उघड बोलावे इतके लहानही नव्हते.

पुढे कळले की हे गृहस्थ आपल्यापैकीच एक. १८५७ साली, म्हणजे इकडे उठावाचे वर्ष चालू असताना, इंग्लंडातील वूस्टरजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पियानोचे सूर लावून देत, संगीताच्या वस्तूंचे दुकान चालवीत आणि सेंट जॉर्जेस या कॅथलिक चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. आईने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. त्या काळच्या इंग्लंडात दुकानदाराचा मुलगा आणि त्यातून कॅथलिक म्हणजे दुहेरी उपरेपण. कोणत्याही मोठ्या संगीतविद्यालयाचे तोंड न पाहता हा मुलगा शिकला, वडिलांच्या पाठोपाठ त्याच चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि घरोघर व्हायोलिनच्या शिकवण्या करून पोट भरू लागला. लग्न केले तेही आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या, वरच्या घराण्यातील आणि अँग्लिकन असलेल्या कॅरोलाइन ॲलिसशी. तिच्या माहेरच्यांना ते रुचले नाही. ॲलिसचे वडील इकडच्या लष्करात मोठे अधिकारी होते आणि तिचा जन्म १८४८ साली आपल्या भूजचा! हे वाचले त्या दिवशी आम्हांस उगीचच फार आनंद झाला. नातेसंबंध शोधण्याची मराठी खोड, दुसरे काय.

१८९८ च्या ऑक्टोबरात शिकवणीहून थकून आलेले एल्गार पियानोवर बसून बोटांना येईल ते वाजवीत होते. मध्येच ॲलिसने विचारले, हे काय वाजवलेत? तेच सूर धरून त्यांनी चौदा रूपांतरे रचली आणि प्रत्येकात एकेका स्नेह्याची मूर्ती उभी केली. पहिले ॲलिसचे, शेवटचे स्वतःचे. आपल्याकडे गवई एक चीज घेऊन तिची बढत करतो, तिला नाना अंगांनी न्याहाळतो. तसेच काहीसे हे आहे, फक्त येथे प्रत्येक अंगाला एका माणसाचा चेहरा आहे. १८९९ च्या जून महिन्यात लंडनला ते प्रथम वाजले आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शिकवणीवाल्या मास्तरांचे नाव सर्वतोमुखी झाले.

या चौदांतील नवव्याचे नाव 'निम्रोद'. बायबल नित्य वाचणाऱ्या आमच्या वाचकांना उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातील तो बलाढ्य शिकारी आठवेल. संगीत प्रकाशनाच्या कचेरीत काम करणारे एल्गारांचे जर्मन मित्र येगर यांच्या आडनावाचा अर्थ शिकारी, म्हणून हा श्लेष. एल्गार एकदा खचून जाऊन लेखणी टाकायला निघाले असता याच मित्राने बीथोव्हनने किती सोसले त्याची आठवण देऊन त्यांना सावरले होते. त्या संभाषणाचे हे चित्र आहे. तंतुवाद्ये इतक्या हलक्या आवाजात सुरू होतात की सुरू झाली हे कळतही नाही. मग पायरी पायरीने, कोठेही घाई न करता, ते सूर चढत जातात, पितळी वाद्ये येतात, सारा वृंद भरून येतो. आणि शिखरावर पोचल्यावर जयघोष व्हावा असे वाटत असतानाच एकाएकी सारे ओसरते आणि पुन्हा जवळजवळ निःशब्द होते. सगळा खेळ चार मिनिटांच्या आतबाहेरचा. त्यात शब्द नाहीत, तान नाही, तबल्याची थाप नाही. तरीही ते ऐकताना कोणीतरी शेजारी चालत आहे असे वाटते.

साताऱ्याच्या वास्तव्यात मात्र या प्रेमाची आम्हांस खरोखर अडचण वाटू लागली. क्रांतिसिंह नाना पाटलांचे पत्री सरकार ज्या मुलखात चालले तो हा मुलूख; आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा साताऱ्यातच होता. आणि एल्गार कोण? ज्या कूचगीताच्या चालीवर इंग्रज आपल्या साम्राज्याची थोरवी गातात ती चाल त्यांची. १९११ च्या दिल्ली दरबाराचा गौरव करण्यासाठी १९१२ साली लंडनच्या रंगभूमीवर 'हिंदुस्थानचा मुकुट' अशा अर्थाच्या नावाचा जो देखावा झाला, त्याचे संगीतही त्यांचेच. तो देखावा आम्हांस मुळीच आवडत नाही, आणि तो विसरून जावा असेही वाटत नाही. परंतु साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. दर नोव्हेंबरात लंडनच्या युद्धस्मारकापाशी मृत सैनिकांच्या स्मरणार्थ 'निम्रोद' वाजवले जाते. त्या स्मारकासमोर उभे असताना आमच्या मनात आले की, त्या सुरांत अपशिंग्याचा वाटा नाही असे कोणी म्हणू शकेल काय?

सांगलीकरांनी हा प्रश्न आपल्यापुरता कधीच सोडवून टाकला आहे. येथे कृष्णेवर १९२९ सालचा पूल आहे, त्याला व्हाइसरॉय आयर्विन यांचे नाव आहे. पावसाळ्यात सांगलीत कोणी कोणाला भेटले की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" त्या साहेबाची राजवट गेली, नाव मात्र आमच्या पाण्याची मोजपट्टी होऊन राहिले.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५. आमच्या सभागृहात त्या आठवड्यात सर्व जातिधर्मांची पूरग्रस्त कुटुंबे होती. कोणी रेशनकार्ड छातीशी धरून आले, कोणी दागिन्यांची डबी, एक आजीबाई कोंबडी घेऊन. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मात्र प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ कॅसेटी घेऊन आले. मूळचे नगरकडचे; तरुणपणी लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत, निवृत्तीनंतर मुलाजवळ सांगलीत राहिले. सारे त्यांना 'बँडवाले बाबा' म्हणत. रविवारी शेवटच्या बाकावर बसत आणि आमच्या गायनवृंदाचा सूर घसरला की डोळे मिटून घेत. (असे दर रविवारी तीन-चार वेळा घडे.)

"फादर, बाकी गेलं त्याचं काय न्हाई," ते म्हणाले, "ही एक वाळली तर बघा वो." कॅसेटीत चिखल शिरला होता. वर बॉलपेनने अस्पष्ट अक्षरे होती. आम्ही वाचली आणि चमकलो. सेमिनरीत आम्ही रात्री चोरून ऐकत होतो ते, हे बाबा आयुष्यभर उघड्यावर ऐकत आले होते. बँडमध्ये असताना वाजवलेले, पुढे लघुलहरींवर लंडन केंद्रातून ऐकलेले आणि कोठूनसे कॅसेटीत उतरवून घेतलेले. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. एल्गार कॅथलिक होते हेही त्यांना ठाऊक नव्हते, आम्ही सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असंल की. पण मंग तसं नसतं तर वाईट वाजलं असतं व्हय?" आम्ही निरुत्तर झालो.

ती कॅसेट वाळली, पण वाजली नाही. बाबांच्या नातवाने मोबाइलवर ते संगीत शोधून काढले. डंकर्कच्या माघारीवर २०१७ साली आलेल्या चित्रपटात तीच सुरावट वापरलेली आहे. त्यामुळे ती त्याला ओळखीची होती, आजोबांची म्हणून नव्हे. सभागृहात भाताची पंगत उठल्यावर त्याने ते लावले. पोरांचा गोंगाट काही थांबला नाही आणि थांबावा अशी अपेक्षाही नव्हती. बाबांची बोटे तेवढी गुडघ्यावर हलत होती, क्लॅरिनेटच्या भोकांवर हलावीत तशी. कोंबडीवाल्या आजीबाई जवळ सरकून म्हणाल्या, "देवाचं हाय का ह्ये?" बाबा म्हणाले, "दोस्ताचं हाय."

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी आमच्यापाशी एक मागणे केले. आपल्या अंत्यविधीच्या मिस्सेत ते वाजवावे. आम्ही उपासनेचे नियम शिकलेले आणि शिकवलेले. मिस्सेत ध्वनिमुद्रित संगीत चालत नाही, शिवाय ही रचना धार्मिक नाही, एका मित्रावरची आहे, असे आम्ही त्यांना समजावून सांगितले. आम्ही जे बोललो त्यात चुकीचे एक अक्षरही नव्हते. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं फादर, तुमी म्हंता तसं." लष्करात आयुष्य गेलेला माणूस, हुकूम ऐकावा तसे त्यांनी ते ऐकले. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही, पण आम्ही शब्दही फिरवला नाही.

खरे म्हणजे एल्गारांचेच उदाहरण आमच्यापुढे होते. कार्डिनल न्यूमन, ज्यांना २०१९ साली संतपद मिळाले, त्यांच्या काव्यावर एल्गारांनी मरणाऱ्या माणसाच्या आत्म्याच्या प्रवासाचे संगीत रचले आणि हस्तलिखितावर 'देवाच्या अधिक गौरवासाठी' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे लिहिली. ते १९०० साली बर्मिंगहॅमला प्रथम सादर झाले तेव्हा गायकांची तयारी अपुरी होती आणि प्रयोग पडला. पुढे जर्मनीत त्याचे चीज झाले. इंग्लंडातील अँग्लिकन कॅथीड्रलांत मात्र त्यातील मरियेच्या आणि संतांच्या धाव्यावर, शुद्धिस्थानाच्या उल्लेखांवर आक्षेप निघाले आणि काही शब्द गाळून, बदलून ते गावे लागले. आक्षेप घेणारे धर्मगुरूही आपल्या नियमांना धरूनच होते. तेही आमच्यासारखेच रात्री कुशीवर वळले असतील की नाही, कोण जाणे.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्हांस त्यांच्यापर्यंत पोचता आले नाही. चर्च बंद होते. मिस्सेचा प्रश्नच नव्हता आणि आमच्या नियमाला अर्थही उरला नव्हता. दफनभूमीत आम्ही, मुलगा, नातू आणि दोन कामगार, सारे प्लास्टिकच्या पोशाखात. रुग्णवाहिका फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी, कारण तिला पुढची फेरी होती. मुखपट्टीच्या आतून आम्ही प्रार्थना म्हटल्या. त्या कोणाला ऐकू गेल्या असतील असे वाटत नाही. शेवटची मूठमाती टाकल्यावर नातवाने आमच्याकडे पाहिले. त्याच्या हातात पिशवीत गुंडाळलेला मोबाइल होता. आम्ही म्हणालो, "लाव बाळा."

सुरुवात इंजिनाच्या घरघरीत बुडाली. मधला चढ थोडा ऐकू आला. मग चालकाला काय वाटले कोण जाणे, त्याने इंजिन बंद केले, आणि शेवटचे हलके सूर तेवढे स्वच्छ आले. मग त्याने पुन्हा चावी फिरवली.

एल्गारांनीही म्हणे आपली रक्षा वूस्टरजवळ सेव्हर्न आणि टेम या नद्यांच्या संगमावर सोडावी अशी इच्छा बोलून दाखविली होती. उत्तर आयुष्यात चर्चची वाट ते बरेच विसरले होते. माहुलीला कृष्णा-वेण्णेचा आणि हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहिलेल्या आम्हां लोकांना ती इच्छा परकी वाटत नाही. तथापि १९३४ साली त्यांना पुरले ते लिटल मॅल्व्हर्नच्या कॅथलिक चर्चच्या आवारात, चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या ॲलिसच्या शेजारी.

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आम्हांस समजले की जॉन कॅमेरॉन नावाच्या संगीतकाराने 'निम्रोद'च्या सुरांवर मृतांच्या मिस्सेतील 'लुक्स एतेर्ना' हे लॅटिन कम्युनियनगीत फार पूर्वीच बसविले आहे, आणि गायनवृंद ते गातात. म्हणजे थोडी चौकशी केली असती तर ध्वनिमुद्रिकेवाचून, नियम न मोडता, बाबांना होकार देता आला असता. आमच्या गायनवृंदाला ते झेपले असते की नाही, हा निराळा प्रश्न. बाबांनी डोळे मिटून घेतले असते, एवढे नक्की.

आता २ नोव्हेंबरला कबरींचा आशीर्वाद झाला की नातू मोबाइल काढतो. आमच्या धर्मग्रामातील बायाबापड्यांना ते 'बँडवाल्या बाबांचं गाणं' म्हणून माहीत झाले आहे. गेल्या वर्षी एका मावशींनी आम्हांस विचारले, "फादर, ह्याला मराठीत शबूद घाला की." आम्ही दोन-तीनदा कागद घेऊन बसलो. पहिली ओळ जमते; पुढे सूर चढू लागले की आमचे शब्द मागे राहतात. ती कॅसेट आम्ही वस्त्रागाराच्या कपाटात ठेवली आहे. तिच्या खिडकीत चिखलाची रेघ अजून आहे.