फॉर्म भरून मिळतील

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

दुकान उघडायला गेले तर मोहल्ल्यातले चाचा आधीच पायरीवर बसलेले. चाचांनी कितीतरी वर्षं कुवेतला गाडी चालवली. त्यांचे जुने-नवे पासपोर्ट रबरबँड लावून ठेवलेत, चांगला जाड गठ्ठा आहे. चाचींकडे एकही नाही. नवरा जन्मभर ये-जा करत राहिला, हिला कधी लागलाच नाही. आता दोघांना हजला जायचंय. हज कमिटीचे अर्ज १३ तारखेपासून सुरू झालेत, शेवटची तारीख ९ सप्टेंबर, आणि तोवर पासपोर्ट निघालेला पाहिजे.

"होईल ना गो बाय?"

मी होईल म्हटलं नाही, बघू म्हटलं. 'होईल' म्हणणारे एजंट वेगळे असतात आणि त्याचे पैसेही ते वेगळे घेतात.

कागद टेबलावर पसरले. आधारवर चाचींच्या नावाला 'बी' जोडलेलं, मतदार कार्डावर नुसतंच नाव. उर्दू शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव, माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख १ जून. आमच्या तालुक्यातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनची आहेत. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. ही उघड खोटी तारीख सगळ्या कागदांवर सारखी आहे म्हणून चालते. 'बी' खरी आहे, सगळं गाव त्यांना तशीच हाक मारतं, पण ती एकाच कागदावर आहे म्हणून नडते.

तत्काळचे साडेतीन हजार भरायची चाचांची तयारी होती. पण एकाच नावाचे तीन कागद कुठून आणणार? शेवटी साधा अर्ज केला, आधारचं नाव धरलं आणि बाकीच्या कागदांसाठी प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट आहे, म्हणून पंधराशेऐवजी १,३५० रुपये. शिक्षण चौथी. तरी पन्नाशी ओलांडलेल्यांना ईसीआरचा, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारी परवानगी लागण्याचा, शिक्का बसत नाही, त्यामुळे तो घोळ टळला. अपॉइंटमेंट ३० ऑगस्टची मिळाली.

२८ ऑगस्ट, बुधवार

पासपोर्टचं पोर्टल देखभालीसाठी बंद राहणार आहे, उद्या रात्री आठपासून सोमवारी २ सप्टेंबरला सकाळी सहापर्यंत. ३० तारखेच्या अपॉइंटमेंटा पुढे ढकलणार. देशभर सगळीकडेच.

जर्मनीला शिकायला निघालेला जोशीआळीतला मुलगा हे सांगायला आला. त्याचीही ३० चीच होती. त्याला काळजी नव्हती, कळवल्याची मेल त्याने वाचलेली. चाचांना समजावताना मात्र घसा कोरडा पडला. "मशीन दुरुस्तीला काढलीय" म्हटल्यावर पटलं. देखभाल तर करायलाच हवी, त्यावर माझा राग नाही. पण मेसेज जातो तो फॉर्ममध्ये लिहिलेल्या नंबरावर. चाचींकडे फोन नाही, चाचा मेसेज उघडत नाहीत, मुलगा मुंब्र्याला. म्हणून तिथे मी माझाच नंबर टाकते. अर्ध्या गावाचं सरकार माझ्या फोनवर येतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

चाची केंद्रावर जाऊन आल्या आणि खूश आहेत. आत गारवा होता, खुर्च्या होत्या, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, कुणी ओरडलं नाही. बाबा सांगायचे, त्यांच्या वेळी मुंबईतल्या ऑफिसबाहेर पहाटेपासून रांग लागायची. २०१२ पर्यंत देशभर ही नवी केंद्रं झाली, २०१७ पासून पोस्टातही सुरू झाली, आणि रांगेचा तो जाच खरोखर गेला. पण लोक एवढ्यावरच फसतात. काउंटरवर काम भराभर झालं की आता पासपोर्ट आलाच असं धरून चालतात. संध्याकाळी स्थिती बघितली तर अर्ज पोलीस पडताळणीला गेलेला. आता हे सगळं आमच्या ठाण्यातल्या गोपनीय शाखेच्या हवालदारांच्या हातात, आणि परवा गणपती.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हवालदार हायवेवर बंदोबस्ताला. सगळं ठाणंच हायवेवर आहे. चाकरमान्यांच्या गाड्या तालुक्यात शिरेपर्यंत कुणी कागदाला हात लावणार नाही, आणि लावू नये असंच मलाही वाटतं. दुपारीच शटर ओढलं, घरी मखर अर्धवट होतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

हजच्या अर्जाची मुदत २३ पर्यंत वाढली. चाचांना फोन केला, ते मुंब्र्याला. नातवाला ताप म्हणून दोघंही गेलेत. पडताळणी होईपर्यंत घर सोडू नका, हे मी सांगितलं होतं. पण नातवाच्या तापापुढे माझं कोण ऐकतो!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जे व्हायचं तेच झालं. हवालदार येऊन गेले, दाराला कुलूप. 'पत्त्यावर राहत नाहीत' असा अहवाल गेला असता तर मिटवामिटवीला दिवाळी उजाडली असती.

ठाण्यात गेले. माणूस वाईट नाही. टेबलावर फाईलींचा ढीग, गाडी स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. एकवीस दिवसांत अहवाल दिला तर परराष्ट्र मंत्रालय दर अर्जामागे पोलिसांना दीडशे रुपये देतं. ते खात्याला जातात, यांच्या टाकीत नाही. "ताई, आमचा पण विचार करा," म्हणाले. केला. पण चाची आहेत इथल्याच, नात्यासाठी मुंब्र्याला जातात आणि परत येतात. कोकणात कुठलं घर बारा महिने उघडं असतं? पडताळणीच्या कागदाला मात्र एक माणूस आणि एक दार एवढंच कळतं.

सोमवारपर्यंत थांबतो म्हणाले. चाचा-चाची रात्रीच्या गाडीने निघाले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हवालदार काल येऊन गेले. शेजारच्या दोघांच्या सह्या झाल्या. चहापाण्याचं मी विचारलं नाही, चाचांनीही सांगितलं नाही.

वकीलकाका झेरॉक्सला आले होते, त्यांना ही सगळी कथा ऐकवली. ते म्हणाले, पूर्वी पासपोर्ट म्हणजे सरकारची मर्जी होती, द्यायचा तर दिला. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा सरकारला घाईने कायदा करावा लागला. तो २४ जूनचा. म्हणून २४ जूनला पासपोर्ट सेवा दिवस. एकूण काय, हक्क दिल्लीत ठरून सत्तावन्न वर्षं झाली आणि आमच्याकडे तो हवालदारांच्या मोटरसायकलवर बसून येतो, बंदोबस्त नसेल त्या दिवशी.

जर्मनीवाल्याचा पासपोर्ट मागच्याच आठवड्यात आला. तत्काळमध्ये पासपोर्ट आधी, पोलीस मागून. ज्याचे कागद जुळतात त्याच्यावर सरकार आधी विश्वास ठेवतं आणि नंतर तपासतं. चाचींचं उलटं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज शेवटचा दिवस होता. पोलिसांकडून 'क्लिअर' गेलंय, पासपोर्ट मंजूर आहे, पण हातात नाही. नंबर कळल्याशिवाय हजचा फॉर्म पुढे सरकत नाही. चाचा दुपारभर दुकानात बसून होते, काही बोलले नाहीत. मग मुदत ३० पर्यंत वाढल्याची बातमी आली. ही वाढ काही एकट्या चाचींसाठी नव्हती. असे अडकलेले देशभर पुष्कळ असणार.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्पीड पोस्टाने आला. पोस्टमन चाचांच्या हातात देईना, ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचा असा नियम. चाची हात पुसत बाहेर आल्या आणि सही केली. नावात 'बी' आहे, मी अक्षर न् अक्षर तपासलं. दोघांचा फॉर्म भरला, पावती छापली. आता कुर्रा, म्हणजे हजची सोडत, निघेल तेव्हा निघेल.

चाचा उठले तसा मागे उभा असलेला पोरगा पुढे आला. कतारला हॉटेलात नोकरी लागतेय, पासपोर्ट दिवाळीनंतर काढला तर चालेल का, विचारत होता. म्हटलं, विधानसभेच्या तारखा कधीही लागतील. आचारसंहिता लागली की हवालदार परत बंदोबस्तात. बस इथे, दाखला काढ, आजच भरू.