जुनं सोन्याचं घड्याळ घेताना

मैत्रिणींनो, सोनं घ्यायचं म्हटलं की आपली नजर पाटल्या-बांगड्यांपलीकडे सहसा जात नाही. यंदा मात्र मी भिशीच्या पैशांतून ह्यांच्यासाठी घड्याळ घेतलं. तेही वापरलेलं, सोन्याचं, रोज चावी द्यावी लागणारं!

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये ह्यांची सारी नोकरी झाली. सासऱ्यांचं सोन्याचं घड्याळ नणंदेच्या लग्नात मोडलं होतं. त्याबद्दल हे कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण बायकोला कळतंच ना! मुलगी म्हणाली, "आई, त्यापेक्षा वळं घेऊन ठेव." व्यवहार पाहिला तर तिचं बरोबरच होतं.

तरी लोकलनं शिवाजीनगरला उतरून पुण्यातल्या एका जुन्या घड्याळजींना गाठलं. तिथं समजलं ते तुम्हालाही सांगते.

मागच्या झाकणाच्या आत 750 कोरलेलं असेल तर सोनं 18 कॅरेटचं, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग. आपल्या 22 कॅरेटच्या बांगडीवर 916 असतं. 'मायक्रॉन' लिहिलेलं दिसलं, तर तो नुसता मुलामा समजा. दागिन्यांना 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. घड्याळांना त्यातून सूट आहे. म्हणून सराफाकडून कस तपासून घ्यावा. वजनातून यंत्र, काच आणि पट्टा वगळून निव्वळ सोनं किती, ते पावतीवर लिहून मागावं. पावतीवर घड्याळाचा नंबर आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

झाकण उघडायला लावून आत गंज नाही ना, ते बघा. तबकडी नव्यानं रंगवलेली आहे का, सुटे भाग मिळतात का, साफसफाईला किती पडतील, हेही विचारा. आणि रोज काही सेकंद मागं-पुढं होणारच, त्याची कुरकुर नको.

आता खरी गोष्ट. असं घड्याळ मोडायला गेलं, तर बहुतेकदा हाती येतो तो सोन्यापुरताच पैसा. कारागिरीचे पैसे परत मिळतीलच असं नाही. तेव्हा गुंतवणूक म्हणून घेणार असाल, तर मुलीचं ऐका, वळंच घ्या.

मी मुलीला एवढंच सांगितलं, "अडीनडीला माझ्या पाटल्या आहेत. ह्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही."