न घडलेल्याचं व्याकरण

आज स्पॅनिशमधलं ‘कान्तार’, म्हणजे ‘गाणं’, हे क्रियापद ‘केलं असतं’च्या रूपांत चालवलं. आब्रीआ कान्तादो, आब्रीआस कान्तादो, आब्रीआ, आब्रीआमोस, आब्रीआइस, आब्रीआन. सगळी धावपळ सहायक ‘आबेर’ करतं. कान्तादो जागचं हलत नाही, गाणारा पुरुष असो वा बाई, एक असो वा अनेक. मराठीत ‘आलो असतो’ की ‘आले असते’, हे ठरवावंच लागतं. मला ते स्थिर कान्तादो फार आवडतं.

कस लागतो तो ‘सी’पाशी, म्हणजे ‘जर’पाशी. तिथे आब्रीआस चालत नाही, उबिएरास लागतं. आपण दोन्हीकडे ‘असतं’ वापरतो: तू बोलावलं असतंस, तर मी आले असते. स्पॅनिश न घडलेलं कारण आणि न घडलेला परिणाम वेगळे ओळखते. परिणामाच्या जागी मात्र उबिएराही चालतं, आणि तेही शुद्धच.